नऊ नंबर बेबीचा

६ नोव्हेंबर

ती. आक्कांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमच्या पत्राला उत्तर द्यायला फार उशीर झाला, कान पकडतो. फोन करावा तर तुमचे कान तुमचंच ऐकत नाहीत, आणि या दीड खोलीत तुमच्या धाकट्या बहिणीसमोर तिच्याबद्दल बोलणार तरी कसं? म्हणून पत्रच बरं. बेबी पलंगावर बसून टॉवेलांच्या घड्या घालते आहे. घालून झाल्या की मोडते आणि पुन्हा घालते. तेवढ्यात लिहून घेतो.

आक्का, मी मेटाकुटीला आलोय. मागच्या आठवड्यात वाचनालयाची पुस्तकं बांधायला आली होती. मी पाठमोरा होऊन पुस्तकं दाबायचा शिकंजा आवळत होतो, तेवढ्यात बेबीनं खळीच्या भांड्यात बोटं बुडवली आणि चाटायला लागली. पुस्तकांना कीड लागू नये म्हणून मी खळीत मोरचूद घालतो. विषच ते. रिक्षात घालून दवाखान्यात नेली, ओकाऱ्या काढल्या, वाचली. तेव्हापासून खळ कपाटात, आरी कपाटात, सुरी कपाटात, आणि कपाटाची किल्ली माझ्या गळ्यात. बाइंडरनं हत्यारं कुलपात ठेवून काम कसं करावं, हे मात्र डॉक्टर सांगत नाहीत. ते म्हणतात, तिला चालवा, माणसांत न्या. माणसांत नेलं की ती कुणाच्याही पिशवीत हात घालते. मग मी माफी मागत फिरतो.

दाराला आतून कुलूप लावतो. ती ते धरून हलवत बसते. आक्का वाट बघत असेल, मला जाऊ द्या, म्हणते. मला ओळखते अजून, एवढंच काय ते उरलंय.

आमचे चिरंजीव येऊन गेले. विसरभोळ्या म्हाताऱ्यांना सांभाळणारं एक घर त्यांनी पाहून ठेवलंय, जागाही धरून ठेवायला सांगितलीय. मी नाही म्हणालो. तो म्हणाला, की आईच्या आधी तुम्हीच जाल. रागानं नव्हे, घाबरून म्हणाला. मी असेपर्यंत ती या घरातून हलणार नाही, असं त्याला ठणकावून सांगितलं. तो गेल्यावर मोरीत नळ सोडून रडलो, म्हणजे बेबीला ऐकू जाऊ नये.

काय करू ते सांगा. बेबीचा तुम्हाला नमस्कार.

तुमच्या मायेच्या आधारानं उभा असलेला,
बाइंडर


१३ नोव्हेंबर

श्री. मेहुणेबुवांस,
अ. उ. आ.

पत्र वाचलं आणि शिलाई मशीनवर डोकं टेकून बसले. शाळेचे गणवेश खोळंबलेत, खोळंबू देत. पोरं दोन दिवस जुन्या चड्ड्यांवर जातील.

आधी एक सांगते. बेबीचा नमस्कार लिहीत जाऊ नका. तो तिनं सांगितलेला नसतो, हे मला कळतं. माझ्या बहिणीनं जन्मात कधी नमस्कार पाठवला नाही. तुमच्या पत्राच्या कडेला तिरक्या ओळीत ती माझ्या शिवणीची खोडी काढायची आणि खाली सहीसुद्धा करायची नाही. तेव्हा माझ्या समाधानासाठी तिच्या वतीनं काही लिहू नका.

आता दुसरं. तुम्ही तिला कोंडलंत आणि तिच्याबरोबर स्वतःलाही कोंडून घेतलंत. आमच्या गल्लीतल्या बायका सकाळी घोळक्यानं तळ्याला फेरी मारायला जातात. माझे गुडघे पायमशीननं खाल्ले, त्यामुळे मी पहिल्या बाकापर्यंतच जाते आणि सगळ्यांच्या पाण्याच्या बाटल्या राखत बसते. त्या फेरी मारून येईपर्यंत मी काही चालत नाही, तरी मला चालून आल्यासारखंच वाटतं. घरी आले की चहा गोड लागतो. तुमच्या भागात असे लोक असणारच. त्यांना शोधा. बेबीला काय झालंय ते पहिल्याच दिवशी सरळ सांगा, आडपडदा ठेवू नका. ज्यांना नको असेल ते नाक मुरडतील, त्यांची नाकं त्यांच्याजवळ.

चिरंजीवांवर रागावू नका. त्याला आई आणि बाप दोन्ही हवेत, म्हणून बोलला.

मला तिथे येता आलं असतं तर पत्र लिहीत बसले नसते, हे तुम्ही जाणता. त्या पहिल्या बाकापलीकडे हे गुडघे मला नेत नाहीत.

तुम्हां दोघांची काळजी वाहणारी,
आक्का


१ डिसेंबर

ती. आक्कांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमची आज्ञा पाळली. बागेच्या फाटकापासून रोज सकाळी एक टोळकं निघतं, त्याचं नाव ‘पाय मोकळे मंडळ’. दोन सकाळी मी बेबीचा हात धरून समोरच्या फुटपाथवर नुसता उभा राहिलो, रस्ता ओलांडायचा धीर होईना. तिसऱ्या दिवशी एक ठेंगण्या बाई तरातरा आल्या आणि कुणाची वाट बघताय का, असं विचारलं. मी एका दमात सगळं सांगून टाकलं. ऐकून त्या म्हणाल्या, की मग चला, उशीर होतोय.

या गणिताच्या बाई. शाळेतून निवृत्त झाल्या, पण शिस्त सुटलेली नाही. मंडळाचे म्होरके म्हणजे निवृत्त पोस्टमास्तर, पण हुकूम बाईंचा. एकदा हे पोस्टमास्तर बुटाची नाडी बांधायला वाकले आणि मागेच राहिले. बाकी सगळे चहा पिऊन घरी गेले तरी कुणाच्या लक्षात आलं नाही. तेव्हापासून बाईंनी प्रत्येकाला नंबर दिलाय. दर वळणाला चालता चालता ज्यानं त्यानं आपला नंबर मोठ्यानं म्हणायचा. बेबीला नऊ नंबर मिळाला, मला दहा.

पहिल्या दिवशी बेबी ‘नऊ’ म्हणाली आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आक्का, ती लाजली. किती दिवसांनी तिच्या चेहऱ्यावर काहीतरी उमटलं. कधी कधी विसरते, मग शेजारून बाई हळूच आठवण करतात. आता तर बाईंना सवयच झालीय, आठ झाला की बेबीनं तोंड उघडायच्या आत त्याच ‘नऊ’ म्हणून टाकतात. बेबीला त्याचं काही नाही, ती त्यांचा पदर धरून चालते.

घरी आल्यावर जेवते आणि दुपारभर गाढ झोपते. तेवढ्या वेळात मी कपाट उघडून पुस्तकं बांधतो. कुलूप हलवणं बंद झालंय. आणि माझं म्हणाल तर, परवा पोस्टमास्तरांनी काहीतरी पाचकळ विनोद केला आणि मला हसू आवरेना. माझं मलाच नवल वाटलं. चिरंजीवांना कळवून टाकलंय, की ती जागा दुसऱ्या कुणाला द्या.

नमस्कार फक्त माझा. तिनं आज काही सांगितलेलं नाही, पण टॉवेलाची घडी तुमच्या नावानं बाजूला काढून ठेवलीय, हे खरं आहे.

तुमचा ऋणी,
बाइंडर


९ जानेवारी, दुपार

ती. आक्का,
नमस्कार.

बेबी हरवली आहे. सकाळपासून नाही. पोलिसांनी मला घरी बसायला सांगितलंय, ती आपल्या पायांनी परत आली तर दार उघडायला कुणीतरी हवं म्हणून. चिरंजीव गाडी काढून निघालाय, मंडळातले सगळे गल्लीबोळ पालथे घालताहेत, आणि मी इथे खुर्चीत. अक्षर लागलं नाही तर माफ करा. काहीतरी केल्याशिवाय बसवत नाही.

आज मी पुढे चालत होतो. बेबी मागे बाईंजवळ होती. महिनाभर तसंच चाललं होतं, तिच्या सोबतीला बाई, मला पोस्टमास्तर. बेकरीच्या वळणावर नंबर झाले, सात, आठ, नऊ. नऊ ऐकलं आणि मी निर्धास्त दहा म्हणालो. मागे वळूनसुद्धा बघितलं नाही. पुढच्या वळणालाही नऊ आला, त्याच्या पुढच्याही. फाटकाशी येऊन पाहतो तर बेबी नाही. ‘नऊ’ बाई म्हणत होत्या. त्यांच्या शेजारी आज बेकरीवाल्याची सून चालत होती, दोघी कुठल्याशा औषधाबद्दल बोलत होत्या, आणि सवयीनं त्यांच्या तोंडातून नऊ जात होता. बेबी कुठल्या वळणाला सुटली हे देवालाच माहीत.

मघाशी बाई दारात येऊन उभ्या राहिल्या. रडून डोळे सुजले होते. मी त्यांच्या तोंडावर दार लावून घेतलं. लावताना वाटलं, की हीच बाई माझ्या बेबीला पुसून टाकायला बसली होती. असं कुणाबद्दल मला आजवर वाटलं नव्हतं.

तिच्या अंगावर नुसता सुती स्वेटर आहे. तिला तहान लागली तरी मागता येत नाही. आक्का, ती तुमच्याकडे यायला निघाली असेल.

१० जानेवारी

सापडली. पत्र टाकलं नव्हतं, म्हणून पुढे लिहितो.

शहराच्या पार दुसऱ्या टोकाला डोळ्यांचा एक दवाखाना आहे. तिथे पेशंटांच्या रांगेत बाकावर बसून होती. रांगेत बसलेल्या माणसाला कुणी काही विचारत नाही. संध्याकाळी सगळे पेशंट संपले, ही एकटीच उरली, तेव्हा तिथल्या नर्सच्या लक्षात आलं. एका पायात चप्पल नव्हती, तळव्याचं साल निघालं होतं. दोन मोठे रस्ते तिनं एकटीनं कसे ओलांडले, कुणास ठाऊक. ताप भरलाय. मी पाय धुतले तर ओरडली आणि माझ्या मनगटाला चावली.

चिरंजीव रात्रभर तिच्या उशाशी बसला. मला एका शब्दानं बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

मी तुम्हाला तोंड दाखवायच्या लायकीचा उरलो नाही.

बाइंडर


१५ जानेवारी

श्री. मेहुणेबुवांस,
अ. उ. आ.

असलं काहीतरी लिहायचं नाही. लायकीची भाषा माझ्याशी करू नका.

बाईंचं आधी. त्यांनी ‘नऊ’ म्हटलं. तुम्ही बेबीचा नमस्कार लिहीत होतात. मी काय करत होते? गेल्या खेपेला, गुडघे जायच्या आधी, तुमच्याकडे आले तेव्हा चार बायका भेटायला आल्या, मी बेबीच्या शेजारी बसून तिच्या वतीनं सगळी उत्तरं दिली. हो, ओळखलं की तिनं. हो, तिला आठवतंय. ती अजून आपल्यात आहे असं दिसावं म्हणून आपण सगळेच तिचं बोलत आलो, आणि ती केव्हाच मागे राहिली. बाईंच्या वाट्याला फक्त ते रस्त्यावर आलं. त्यांच्या दारी जा. त्यांची झोप उडाली असेल.

आता दुसरं लिहिते, ते लिहायला दोन दिवस लागले. चालायला जा म्हणून मीच तुमच्या मागे लागले होते. आता मीच सांगते, बेबीला त्या घरात ठेवा. चिरंजीवांना विचारून जागा मिळत असेल तर या महिन्यातच ठेवा. तुम्ही तोंडानं हो म्हणणार नाही आणि मुलगा तुम्हाला पुन्हा म्हणणार नाही, हे मी ओळखून आहे. म्हणून मी म्हणते. तिच्या माहेरचं आता कोण उरलंय? मी एकटी. तेव्हा माहेरून सांगणं आहे असं समजा, की तुम्ही तिला टाकलेलं नाही. कुणी तसं म्हणालं तर त्याला माझ्याकडे पाठवा.

मला बहीण कुलपाआड चालेल. गाडीखाली नको.

आणि तुम्ही चालणं सोडू नका.

या दोन ओळींसाठी उद्या माझाच राग येईल तुम्हाला. येऊ दे. माया कमी होऊ देऊ नका, एवढंच मागते.

आक्का


९ फेब्रुवारी

ती. आक्कांस,
शि. सा. न. वि. वि.

राग आला होता. पत्र फाडायला घेतलं होतं. मग तेच पत्र शर्टाच्या खिशात घालून तिला घेऊन गेलो.

गाडीत ती खिडकीतून बघत खुशीत होती. उतरताना माझ्याकडे वळूनसुद्धा न बघता तिथल्या देखभाल करणाऱ्या मुलीबरोबर आत गेली. ती रडेल, माझा शर्ट ओढेल, अशी मनाची तयारी करून गेलो होतो. या गोष्टीची केली नव्हती. पहिले काही दिवस भेटायला येऊ नका, म्हणजे ती रुळेल, असं त्या लोकांनी सांगितलं. घरी आलो तर दाराला कुलूप घालायचं कारण उरलं नव्हतं. हत्यारं कपाटातून काढून जागेवर ठेवली आणि त्यांच्याकडे बघत बसलो.

बाईंकडे गेलो. त्यांनी त्या दिवसापासून चालणंच सोडलं होतं. त्यांनी दार उघडलं, मला बघितलं. मग त्यांनी आत जाऊन बूट घातले. आम्ही बागेला एक फेरी मारली. दुसऱ्या दिवशी पोस्टमास्तर आले.

काल भेटायची परवानगी मिळाली. सकाळीच गेलो. तिथे मागे भिंतीकडेचं अंगण आहे, त्यात सगळ्यांना फिरवतात. बेबी चालत होती. केस नीट विंचरलेले, पण भांग उलट्या बाजूला. तापातून उठल्यावर वाळली होती, आता गाल भरलेत. एका वाकलेल्या म्हातारीचा हात तिनं धरला होता आणि तिच्या बेतानं पावलं टाकत होती. मी बाकावर बसलो. उठून हाक मारायचं धाडस होईना.

वळसा घालून आली तेव्हा तिनं मला पाहिलं. थांबली. म्हातारीचा हात तिथल्या मुलीच्या हातात दिला आणि सरळ माझ्याकडे आली. आक्का, मी उठून उभा राहिलो. खोटं सांगत नाही, मला वाटलं, की हिला घेऊन आत्ता घरी जावं.

तिनं विचारलं, की कुणाला भेटायला आलात का? मी मान हलवली. अजून कुणी बाहेर आलं नाही का, म्हणाली. मी परत बाकावर बसलो. तिनं जरा वेळ निरखून बघितलं, तिला माझी दया आलेली मला दिसली. मग म्हणाली, “भाऊ, असे एकटे बसू नका. आमच्यात चला. माणसांत चाललं की बरं वाटतं.”

मी गेलो. परक्या पुरुषापासून राखावं तेवढं अंतर राखून ती चालत होती, आणि मी मागे पडलो की थांबत होती.

तुमच्या आशीर्वादावर विसंबलेला,
बाइंडर