इन्सुलिन आणि अंगारकी

आई,

गेल्या शनिवारी दुपारी चार वाजता, दादरच्या एका इस्पितळातून घरी सोडताना, नर्सने ह्यांना इन्सुलिनची सुई कशी घ्यायची ते दाखवलं आणि विचारलं, "काका, समजलं ना?" हे म्हणाले, "हो." झालं शिक्षण. पोरगी पुढच्या खाटेकडे गेली. तू असतीस तर तिथेच तिचे कान उपटले असतेस.

तू परळच्या इस्पितळातली नर्सची ड्यूटी संपवून यायचीस तेव्हा आपल्या लालबागच्या खोलीत शेजारणी औषधं घेऊन बसलेल्या असायच्या. तू स्टोव्ह पेटवता पेटवता त्यांच्या घरचंच विचारायचीस. कोण रांधतं, पहिला घास कधी, कुठले वार धरता. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. कॉन्व्हेंटमध्ये शिकवत होते की लोकांना खासगी प्रश्न विचारू नयेत. "समजलं का?" मात्र तू कधीच विचारलं नाहीस. "आता तू सिस्टर, मी पेशंट. शिकव मला." शेजारच्या काकू वैतागतात, "सिस्टरबाय, माका ह्या वयात शाळेत घातलास काय?" "घातलं. बोल." काकू बोलू लागतात आणि अर्ध्यातच चुकतात. तू हसत नाहीस, पुन्हा पहिल्यापासून सांगतेस.

मंगळवारी अंगारकी होती. ह्यांनी सकाळी सुई घेतली. मी विचारलं, "आज उपास नाही ना? पोहे खाणार?" "हो." बशी झाकून मी भाजीला गेले. परत आले तर बशी तशीच, सदरा घामाने चिंब, हात थरथरतायत, आणि मलाच विचारतात, "आपण कोण?" साखर उतरली होती; गिळता येत होतं म्हणून साखरेचं पाणी पाजलं. तेवढं तुझ्याकडून उचललेलं. हळूहळू ओळख परतली. मग पहिलं वाक्य काय, तर, "बाप्पाचा उपास मोडलास ना!"

इस्पितळात फोन केला. "मॅडम, आम्ही सगळं एक्सप्लेन केलं होतं."

"उपास करता का, हे विचारलंत?"

"ते पेशंटने सांगायला हवं ना."

हे कसले सांगतायत! गणवेशातल्या माणसाला हे आयुष्यभर "हो"च म्हणत आले. डॉक्टरांनी डोस बदलून दिला, उपास बंद सांगितला, त्यालाही "हो"च. काल तुझ्यासारखं केलं, "आता तुम्ही सिस्टर, मला शिकवा." म्हणाले, "सासूबाईंची नक्कल पुरे." पुढच्या चतुर्थीचं विचारलं की पेपर वर धरतात.

हे दुपारी झोपले की कपाळाला हात लावून बघते, घाम आलाय का. कळत नाही गं. माझाच तळवा ओला असतो.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकणार? तरीही, ह्या माणसाच्या तोंडून "हो"च्या पलीकडचं कसं काढायचं, ते मला लेखी कळव. चतुर्थीच्या आदल्या संध्याकाळी सहाच्या आत. सबब चालणार नाही.