बाबांच्या दोन बोटी

प्रिय दादा,

नमस्कार. मी बरी आहे. वेळेवर जेवते, झोपही लागते. आईचे गुडघे कसे आहेत?

बाबांच्या दोन्ही शिडाच्या बोटी धक्क्याला शेजारी शेजारी उभ्या आहेत. कुठली विकायची असं तू विचारलंस, म्हणून दोन्ही नीट पाहिल्या.

जुनी सव्वीस फुटांची, बाबांनी चाळीस वर्षं वापरलेली. आत वाकून चालावं लागतं, पण कुठेही उभं राहिलं तरी हाताशी धरायला काहीतरी असतंच. नवी, तू त्यांच्या पंचाहत्तरीला दिलेली, बेचाळीस फुटांची. तिचं शीड बटणावर उघडतं आणि मागची बैठक ऐसपैस आहे. बाबा म्हणायचे, "अगं, हा दिवाणखाना आहे. मी इथे पाहुणा."

जुन्या बोटीत जिन्यातून वर येताना डावीकडे लाकडी दांडा आहे, बाबांच्या हाताने गुळगुळीत झालेला. "नव्या बोटीतही त्यांचा हात तिथेच जायचा," गोदीतला सुतार म्हणाला. "मी हसायचो त्यांना." नव्या बोटीत तिथे काहीच नाही. त्या दिवशी लाट आली, हात रिकामा राहिला आणि बाबा पाण्यात गेले.

तू प्रेमानेच दिलीस, हे मला मान्य आहे. ते नको म्हणत होते, हे तूही मान्य कर.

जुनी मी ठेवते. मोठी विकायला तू स्वतः ये, आणि एकदा त्या जागी उभा राहा.

आईला एवढंच सांग, की बाबांना त्रास झाला नाही. मला ते ठाऊक नाही, पण तू तसंच सांग.

तुझी धाकटी बहीण