तीन पायऱ्या, सहा सेकंद

३ नोव्हेंबर, सोमवार

ठरलं. १४ डिसेंबरची हाफ मॅरेथॉन धावणार. एकवीस किलोमीटर आणि वर थोडं. फॉर्म भरला.

मूळ कारण मेहुणा. काल जेवायला आला तो चार हाफ मॅरेथॉनची चार पदकं गळ्यात घालून! जेवायला! त्यातलं एक वाढून घेताना माझ्या पाण्याच्या पेल्यात बुडलं. तो हसला. पेला मी बदलून घेतला. माणसाच्या घामाचं पदक, शी.

त्याची उत्तम वेळ दोन तास एकोणीस मिनिटं. मी दोन पंधरात संपवणार. एकोणीस वर्षं बसडेपोच्या वेळापत्रक विभागात आहे, दोनशे बारा गाड्या माझ्या कागदाप्रमाणे सुटतात. स्वतःचे दोन पाय सुटायला काय हरकत आहे? हिला सांगितलं. ही म्हणाली, आधी आपल्या जिन्याचं बघा, दुसऱ्या मजल्यावर येऊन पाच मिनिटं बोलता येत नाही तुम्हाला. बायकांना प्लॅनिंग कळत नाही.

४ नोव्हेंबर, पहाटे ५:००

(लिहिलं ७:४० ला.) गजर पाचचा लावला होता. कोणीतरी बंद केला. घरात आम्ही तिघंच. ही म्हणते मी नाही, कन्या म्हणते मी नाही. चौकशी चालू आहे.

६ नोव्हेंबर, गुरुवार

धावलो! दोन किलोमीटर. तिसरा मुद्दाम सोडला, शरीराला एकदम सवय लावू नये.

बागेतली माणसं पाहून वीट आला. एकजण रुमालाने नाक पुसतो आणि तोच रुमाल कपाळाला बांधतो. एक जोडपं धावता धावता केळं खातं, एकच केळं, आळीपाळीने. बाकावर एक गृहस्थ मोजा काढून त्याच्या आत बघत होते. काय बघत होते देव जाणे. मी तिकडे बघायला नको होतं.

१० नोव्हेंबर, सोमवार

ऑफिसात डोकं उठलं. चौदा नंबरच्या मार्गाचा ड्रायव्हर (मी त्याला चौदा नंबरच म्हणतो, तोही ओ देतो) पुन्हा अकरा मिनिटं उशिरा. सहा महिन्यांतला तिसरा खुलासा. कारणाच्या रकान्यात तेच: 'हॉस्पिटलच्या स्टॉपवर प्रवाशांना चढायला वेळ लागतो.' वर तोंडी विनंती की त्या स्टॉपला तीस सेकंदांऐवजी तीन मिनिटं द्या, म्हातारी माणसं असतात, प्लास्टर घातलेली असतात.

तीन मिनिटं! मी स्वतः यार्डात गेलो, उभ्या गाडीत स्टॉपवॉच लावून चढलो. तीन पायऱ्या, सहा सेकंद. त्याला दाखवलं. तो म्हणाला, साहेब, तुम्ही धडधाकट आहात. ते खरंच आहे, पण मुद्दा तो नव्हता.

शिवाय त्याच्याबद्दल आणखी एक तक्रार आहे की तो प्रवाशांना 'आरामात चढा, घाई नाही' असं म्हणतो. बसच्या ड्रायव्हरने! हद्द झाली. खुलाशावर 'अमान्य'चा शिक्का मारला. चौथा अमान्य झाला की गाडी काढून घेऊन धुलाई शेडला पाठवायचं, असा नियम आहे. नियम मीच केलाय. बावीस वर्षं गाडी चालवतोय म्हणे. मग तर वेळ पाळायची सवय व्हायला हवी होती.

१९ नोव्हेंबर, बुधवार

पाच किलोमीटर. त्यातले थोडे चाललो, ते तंत्र म्हणून. नवीन बूट आणलेत. डाव्या पायाच्या अंगठ्याचं नख काळं पडलंय. कन्या 'ईईई' करून खोलीतून पळाली. मलाही बघवत नाही, पण सारखं बघितलं जातं.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

सात किलोमीटर झाले. एकवीस म्हणजे सात गुणिले तीन. सात येतातच, उरला फक्त गुणाकार. तयारी जवळजवळ पूर्ण म्हणायला हरकत नाही.

शर्यतीचं वेळापत्रक तयार केलं. प्रत्येक किलोमीटर ६ मिनिटं २४ सेकंद. पाणी तीन ठिकाणी, प्रत्येकी आठ सेकंद. लघवी नाही. कागद लॅमिनेट करून डेपोच्या नोटीस बोर्डावर लावला. खाली लिहिलं, 'वेळ पाळणे म्हणजे काय, ते १४ तारखेला पाहावे.' ड्रायव्हर मंडळी बराच वेळ वाचत उभी होती. काहीतरी शिकतील.

२ डिसेंबर, मंगळवार

मॅरेथॉनवाल्यांनी डेपोकडे एक गाडी मागितली आहे. धावणाऱ्यांच्या मागून ठरलेल्या गतीने जायचं आणि मागे पडलेल्यांना उचलत यायचं. ही गाडी मागून आली की चढायचं, शर्यत संपली. असल्या गाडीत बसण्यापेक्षा माणसाने घरी झोपावं. शिसारी येते नुसत्या कल्पनेने.

वेळापत्रक अर्थात मीच केलं. सहाला सुटणार, किलोमीटरला सव्वानऊ मिनिटं, शेवटी सव्वानऊला हजर. ड्यूटी चौदा नंबरला लागली. त्याने विचारलं, लोकांना चढायला वेळ किती धरलाय? शून्य, म्हटलं. ढिसाळ लोकांसाठी मी माझं वेळापत्रक ढिलं करत नाही. आणि आठवण करून दिली, उशिराचा नियम रविवारच्या जादा गाड्यांनाही लागू आहे. हो साहेब, म्हणाला. मग विचारलं, साहेब, पण तुमचे पाय ठीक आहेत ना? नोकरी ह्याची टांगणीला लागलीय आणि चौकशी माझ्या पायांची!

९ डिसेंबर, मंगळवार

गुडघा दुखतोय. विश्रांती. शर्यतीआधी आठवडाभर विश्रांती घेतात असं वाचलंय. मी दहा दिवस आधीच सुरू केली.

१३ डिसेंबर, शनिवार

मेहुण्याचा फोन. म्हणाला, भावजी, उद्या नवीन काहीही खाऊ नका, सुरुवात हळू करा. सल्ले! मी त्याला म्हटलं, दोन पंधराला मी शेवटच्या रेषेवर उभा असेन, तू आलास की टाळ्या वाजवीन. ही स्वयंपाकघरातून काहीतरी म्हणाली, ते ऐकू आलं नाही असं दाखवलं.

वाटेत खायला दुकानदाराने ताकदीची जेल दिली आहे, तीन पाकिटं. उघडून चव पाहिली. सर्दीचं औषध आटून जाम झालं तर असं लागेल. उद्या खाईन, कारण वेळापत्रकात लिहिलंय.

१४ डिसेंबर, रविवार, पहाटे ४:३०

उठलो. गजर कोणी बंद केला नाही. शुभ लक्षण.

१४ डिसेंबर, दुपारी ३:००

पलंगावर आडवा. वही छातीवर ठेवून लिहितोय. जसं झालं तसं लिहितो, म्हणजे चूक इतरांची कुठे झाली ते कळेल.

सुरुवात उत्तम. भोवती दोन हजार माणसं, चार हजार बगला, चोळायच्या मलमाचा भपकारा. त्या वासातून लवकर बाहेर पडावं म्हणून जोरात सुटलो. पहिले तीन किलोमीटर सोळा मिनिटांत! वेळापत्रकाच्या तीन मिनिटं पुढे. मेहुण्याला मागे टाकलं. तो म्हणाला, भावजी, सावकाश. मी हात हलवला.

पाचव्याला पोटरीत गोळा आला. सहाव्याला जेल खाल्ली. आठव्याला ती जेल परत वर आली, मग खाली जायचं ठरवलं तिने. नवव्या किलोमीटरला फिरते संडास होते. चार. आणि रांग. रांगेत सतरा मिनिटं. आत जे पाहिलं ते लिहिणार नाही, ही वही पुढे कोणी वाचली तर. बाहेर आलो तेव्हा पाठीवर वेळेचा फलक लावलेल्या त्या वेळ राखणाऱ्या माणसांपैकी 'दोन तीस'वाला केव्हाच गेला होता. अकराव्याला 'दोन पंचेचाळीस'वाली बाई गेली, गाणं म्हणत. मेहुणा कधी पुढे गेला तेही कळलं नाही. तेराव्याला 'तीन तास'वाले आजोबा गेले. त्यांनी मला केळं देऊ केलं. अर्धं. चावलेलं. मी खाल्लं. देवा.

सोळाव्या किलोमीटरला मागून हॉर्न वाजला. आठ अठ्ठावीस. घड्याळ पाहिलं, अगदी माझ्या कागदाप्रमाणे. वर्षभर उशिरा येणारा माणूस आजच वेळेवर.

मी चढणार नाही म्हटलं. माझ्याकडे क्रमांक आहे, बूट आहेत, मी चालतोय. चौदा नंबर म्हणाला, चाला साहेब. आणि गाडी माझ्यामागे पायी चालल्यासारखी चालवायला लागला. पुढे मी, मागे चाळीस आसनांची बस. रस्त्याच्या कडेचे लोक टाळ्या वाजवत होते. टाळ्यांचा मला इतका तिटकारा कधी आला नव्हता. आत आधीच तिघं बसले होते, ते खिडकीतून बघत होते. मी मागे वळून ओरडलो, उशीर होतोय, पुढे जा! तो म्हणाला, तुम्हाला सोडून कसा जाऊ?

पुढे दोन्ही पोटऱ्या एकदम आवळल्या आणि मी रस्त्यावर बसलो.

चढायला निघालो. तीन पायऱ्या. पहिली चढता येईना. डावा पाय उचलला की उजवा आखडायचा, उजवा उचलला की मी बोंबलायचो. चौदा नंबर खाली उतरला. माझ्या काखेत हात घातला, त्या काखेत, अडीच तासांच्या काखेत, आणि नाकसुद्धा मुरडलं नाही. म्हणाला, आरामात चढा साहेब, घाई नाही.

मी रडलो. पोटरीमुळे.

शेवटच्या रेषेवर गाडी नऊ सव्वीसला पोचली. अकरा मिनिटं उशीर. मेहुणा पदक घालून उभा होता. हिने मला उतरवून घेतलं आणि रस्ताभर माझी पिशवी धरली. मला आता कोणाचंच तोंड बघायचं नाहीये, आरशातलंसुद्धा.

१५ डिसेंबर, सोमवार

रजा. संडासात बसणं आणि उठणं ह्या दोन वेगळ्या मोहिमा झाल्यात. दुसरीला हिला हाक मारावी लागते.

दिवसभर एकच विचार. उद्या टेबलावर त्याचा खुलासा येणार. चौथा. मान्य की अमान्य, सही माझी. आणि कारणात तो खरं तेच लिहिणार: 'प्रवाशाला चढायला वेळ लागला.' प्रवासी कोण, ते सगळा डेपो विचारणार. अमान्य केला तर बावीस वर्षं चाकावर बसलेला माणूस उद्यापासून गाड्या धुणार. तेही मला उचलून घेतलं म्हणून. मान्य केला तर आधीचे तीन का नाही, असा प्रश्न येणार. नियम नियम असतो. पण नियम करणाऱ्याला कोणीतरी उचलून गाडीत ठेवलं तर काय करायचं, ते त्यात लिहिलेलं नाही. मीच लिहिलं नाही.

१६ डिसेंबर, मंगळवार

गेलो ऑफिसला. नोटीस बोर्डावर माझं लॅमिनेट केलेलं वेळापत्रक तसंच. 'वेळ पाळणे म्हणजे काय, ते १४ तारखेला पाहावे.' काढायला हात वर केला तर पाठ भरून आली. राहिलं.

खुलासा टेबलावर होता. मार्ग: जादा. विलंब: ११ मिनिटं. कारण: 'ट्रॅफिक.'

ट्रॅफिक! पहाटे पाचपासून तो रस्ता बंद होता. त्या रस्त्यावर सायकलसुद्धा नव्हती. अडथळा होता तो एकच, आणि त्याच्या छातीवर क्रमांक लावलेला होता. मी त्याला बोलावून विचारलं, खरं कारण का नाही लिहिलं? तो म्हणाला, साहेब, हा कागद तुमच्याकडे यायच्या आधी तीन टेबलांवरून जातो. मी म्हटलं, आणि मी हे अमान्य केलं तर? तो म्हणाला, तुमचा अधिकार आहे. मग माझ्या पायांकडे बघून म्हणाला, मिठाच्या गरम पाण्यात ठेवा, आराम पडेल. आणि गेला.

लाज वाटली. लिहून ठेवतो, वाटली.

'मान्य'चा शिक्का शोधला. ड्रॉवरच्या तळाशी सापडला, रबर कडक झालेलं, शाई धरेना. एकोणीस वर्षांत कधी लागला नव्हता. शेवटी पेनाने लिहिलं.

मग चौदा नंबरच्या मार्गाचा तक्ता काढला. हॉस्पिटलचा स्टॉप: तीस सेकंद खोडून तीन मिनिटं केलं. दुरुस्तीचं कारण लिहावं लागतं, त्याशिवाय वरून सही होत नाही. बराच वेळ पेन धरून बसलो. लिहिलं: 'प्रत्यक्ष पाहणी.'

संध्याकाळी घरी निघालो. ऑफिसचा जिना उतरायचा होता, अठरा पायऱ्या. मागे चार माणसं खोळंबली. शेवटी मीच म्हटलं, तुम्ही पुढे व्हा, मला वेळ लागेल.