बंद केल्यावरही फिरणारं चाक

बाबा, तुमची ती संथ करवत गेली. मोटर जळाली. दुरुस्तीवाला म्हणाला, "ताई, आता नवीनच घ्या ना, कशाला हिचा जीव काढताय?" म्हणजे लोखंड कापायचं यंत्र आता मला एकटीला निवडायचंय. मुलुंडच्या घराच्या मागच्या पडवीत मी अजून कुंड्यांचे स्टँड आणि खिडक्यांच्या जाळ्या बनवते. वेल्डिंगला भीत नाही, विजेला भीत नाही. पण करवत म्हटली की घाटकोपरच्या डोंगरावरची आपली खोली आठवते.

संपानंतर गिरणी कायमची सुटली, तेव्हा तुम्ही त्या खोलीतच ग्रिलचं काम मांडलंत. अर्ध्या खोलीत लोखंड, अर्ध्या खोलीत आईचा संसार. कॉलेज संपवून मीही तुमच्याबरोबर लागले; तुम्ही कापायचं, मी पाइप धरायचा. हातकरवत ओढून ओढून तुमचा खांदा पार कामातून गेला, भाताचा घास उचलतानाही कळ यायची. म्हणून आपण कुर्ल्याला जुन्या मशिनरीच्या दुकानात गेलो. तिथे दोन यंत्रं होती. एकीचं सरळ पातं पुढं-मागं सरकत, कंटाळत कंटाळत कापायचं. दुसरी गोल चाकाची. दुकानदारानं तीच चालू केली. कानठळ्या, ठिणग्यांचा फवारा, आणि पाइपचा तुकडा खाली. "काका, एकदम झकास. ठेवला की खलास!" तुम्ही म्हणालात, "बंद कर बघू." त्यानं बटन दाबलं. आवाज विरत गेला आणि ट्यूबलाइटच्या उजेडात चाक थांबलेलं दिसलं. मी तुकडा उचलायला हात पुढं केला, तर तुम्ही माझं मनगट असं धरलंत की वळ उठले. "अगं, फिरतंय ते अजून!"

तरीही आपण तीच घरी आणली. तुमच्या खांद्यापुढं माझं मनगट काय टिकणार? आईनं दारातच विरोध केला. "ह्या घरात नको हां. माझो स्टो हयसरच आसा. ठिणगी उडली तर काय करशात?" तुम्ही स्टोच्या बाजूला पत्रा उभा केलात आणि विषय मिटवलात.

दुसऱ्याच दिवशी दसरा. हत्यारं पुसून मांडली, नव्या यंत्राला हळदकुंकू झालं, आणि आईनं राग विसरून त्याला झेंडूचा घसघशीत हार घातला, तुम्ही गिरणीतून आणलेल्या दुपदरी दोऱ्यात ओवलेला. तो दोरा हातानं तुटत नसे. त्याचं तुम्हाला केवढं कौतुक!

पूजेचा हार सुकायच्या आत उतरवायचा नाही, हा आपल्या घरचा रिवाज. म्हणून दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी काम सुरू करताना तुम्ही तो काढला नाहीत, नुसता चाक खाली आणायच्या दांड्यावर सरकवलात. मी पाइप धरलाय. तुम्ही दांडा खाली आणताय. हार लोंबतो, चाक त्याला ओढून घेतं, फुलं माझ्या तोंडावर फटाफट बसतात. तुम्ही दचकून दांड्याला हिसका देता, चाक पाइपमध्ये तिरकं अडकतं आणि फुटतं. त्याचा एक तुकडा माझ्या हाताजवळून गेला आणि आईच्या पत्र्यात रुतून बसला. पत्र्याच्या पलीकडे स्टोसमोर आई भाकरी थापत होती.

कुणाला काही झालं नाही. हे वाक्य मी आयुष्यभर लोकांना सांगत आलेय. पण तुमचा चेहरा मी पाहिला होता. तुम्ही माझा हात पालथा-उलथा केलात आणि बोटं मोजलीत. मोजून झाली की पुन्हा अंगठ्यापासून. आई म्हणत होती, "पुरे ओ, आसत सगळी." तुम्हाला ऐकूच येत नव्हतं. बाप घाबरतो, हे मला त्या दिवशी कळलं, आणि मला चाकापेक्षा त्याचीच जास्त भीती वाटली. मग तुम्ही यंत्र परत देऊन ती संथ करवत आणलीत. तिच्या कुरकुरीला आई हसायची. तुम्ही गेल्यावरही ती कुरकुर घरात होती, म्हणून तुम्ही गेलात हे मला पूर्ण पटलं नव्हतं.

आज दुकानात गेले. माझाही खांदा आता दुखतो, बाबा, तुमच्यासारखाच, उजवा. पोरगा म्हणाला, "मावशी, हे गोल चाकवालं घ्या, पटापट काम होतं." त्यानं चालू करून दाखवलं. मी म्हटलं, बंद कर. आवाज गेला. चाक फिरत होतं. मी संथवालीच सांगितली, उद्या येईल.

हे पत्र कुठं टाकणार? ठेवते इथेच. एवढंच सांगायचं होतं की ते चाक थांबेपर्यंत मी हात पर्समध्ये घातला होता, आणि आत, कुणाला दिसू न देता, बोटं मोजत होते. अंगठ्यापासून, पुन्हा पुन्हा.