तोगझानच्या गुच्छातली पाकोळी

१७ ऑगस्ट, शनिवार

तोगझानचं डोकं फिरलंय. लग्नात खरी फुलं नकोत म्हणे, ब्रोचचा गुच्छ हवा! घरातल्या सगळ्या बायकांचे जुने ब्रोच गोळा करायचे, एकेकाला तारेचं देठ लावायचं आणि गुच्छ बांधायचा. फोनवर फोटो दाखवला. सुंदर आहे, नाही असं नाही. पण करणार कोण?

"तूच की, आत्या. दिवसभर लोकांच्या कवळ्यांना तारा लावतेस, त्यापेक्षा हे सोपं."

साउलेवहिनी चहा ओतत होती. लेकीकडे न बघताच म्हणाली, "डोक्यावर नवरीची हातभर उंच टोपी आणि हातात लोखंडाचा गोळा. नवरी आहेस की पैलवान?" पण नजर फोनवरच होती तिची.

हो म्हणून बसले. एकुलती एक भाची, नाही कसं म्हणणार?

१९ ऑगस्ट, सोमवार

काम सुटलं की दारोदार फिरते. दारात नुसतं "ब्रोच" म्हणायचा अवकाश — आधी चहा, मग तळलेले बाउरसाक, मग खरबूज, आणि मग त्या ब्रोचची जन्मकथा. आज तीन घरं झाली आणि पोट नगाऱ्यासारखं झालं.

टोचणारी वस्तू फुकट घेऊ नये, म्हणून प्रत्येकीच्या हातावर एक नाणं ठेवते. राबिगामावशीने तिचा मोर दिला, नाणं उलटसुलट करून बघितलं. "एवढ्याशात मी सुईसुद्धा देत नाही कुणाला." आणि ठेवलं की खिशात!

२२ ऑगस्ट, गुरुवार

आज वहिनीकडे गेले तिचा ब्रोच आणायला. लाल काचेच्या चेरींची जोडी. तोगझान झाली तेव्हा दादाने दिलेली. पुसून, चकचकीत करून तयारच ठेवली होती. मी म्हटलं, ही मधोमध लावते, समोर. नवरीच्या आईची जागा. खूश झाली.

मग कपात साखर नसतानाही चमचा ढवळत बसली. मला वाटलंच, आता काहीतरी येणार.

"कुल्याश, ब्रोच नांदत्या बायकांचेच घे हं. लेकराबाळांच्या, भरल्या घरच्या."

"तशाच घरांतून आणलेत, वहिनी."

"हो, पण…" परत चमचा. "बांध तू. तुझ्या हाताला तोड नाही. फक्त तुझा ब्रोच त्यात नको."

"म्हणजे माझे हात चालतात?"

"हात दिसत नाहीत ना गं." आणि तिचेच डोळे भरले. "तू नको असं नाही मला. मला भीती नको. एकच लेक आहे."

मी हसले. काय करणार? नवरीच्या रजया शिवायला, डोक्यावर ओढणी घालायला नवऱ्याला सोडून आलेली बाई चालत नाही, हे मला काय आज कळतंय? पण घरी येऊन खूप वाईट वाटलं. इथे लिहायला काय हरकत आहे. खूप म्हणजे खूप वाईट वाटलं.

माझा ब्रोच म्हणजे निळी पाकोळी, पंख पसरलेलं पाखरू. पत्र्याचीच आहे, एक डोळा पडलाय. घटस्फोटाचा कागद हातात आला त्या दिवशी कचेरीतून थेट बाजारात गेले आणि स्वतःलाच घेऊन दिली. त्या माणसाने इतक्या वर्षांत मला शिव्यांशिवाय काही दिलं नव्हतं. पाकोळी कोटाला लावून घरी आले, आणि त्या दिवशी पहिल्यांदा पोटभर जेवले. माझ्या लेखी तिच्याइतकी शुभ वस्तू घरात दुसरी नाही.

२५ ऑगस्ट, रविवार

पहिला गुच्छ फसला. उचलला तर सगळे ब्रोच माना टाकून लोंबायला लागले! उलगडून पुन्हा सुरुवात.

आता जमतंय. ब्रोच पालथा घालायचा, तार टाचणीतून घ्यायची, पक्कडीने उजवीकडे तीन-चार पीळ, खाली हिरवी पट्टी गुंडाळायची. ब्रोचच्या मधेमधे रेशमाच्या कळ्या, म्हणजे वजन कमी. मुठीच्या आत गाभा हवा होता, तो कवळीच्या गुलाबी मसाल्याचा ओतला. वरून साटीन. नवरीच्या हातात हिरड्या! कुणालाही सांगायचं नाही.

१ सप्टेंबर, रविवार

आज वहिनीकडे रजया शिवायला बायका जमल्या होत्या. मला बोलावणं नव्हतं, ते नसणारच. माझं घर एक गल्ली सोडून. खिडकी उघडी होती, गाणी ऐकू येत होती. मीपण इथे बसून तीच गुणगुणत तारा वळल्या. कोण अडवतंय?

संध्याकाळी वहिनीने खिमा भरून वाफवलेल्या मांती पाठवल्या, पातेलंभर. झाकण काढताक्षणी कळतं कुणी केल्यात ते. वहिनी डावखुरी, तिच्या मांतींच्या चुण्या सगळ्या उलट्या बाजूला फिरतात. वीस वर्षं दादा चिडवतोय, "आमच्या घरात मांतीसुद्धा उलट्या." गरम होत्या. राग धरायचा होता थोडा वेळ, पण मांती समोर असताना राग धरता येत नाही मला.

३ सप्टेंबर, मंगळवार

दवाखान्यात कवळी जोडताना हिरवी पट्टी गुंडाळायला निघाले होते.

५ सप्टेंबर, गुरुवार

झाला! समोर मधोमध चेरी, बाजूला राबिगामावशीचा मोर, बाकीचे सभोवार. दिव्याखाली धरला तर भिंतभर ठिपके नाचले. मी केलाय हे मलाच खरं वाटेना.

फक्त मागे, नवरीच्या छातीला टेकतो त्या बाजूला, एक जागा रिकामी राहिली. कळी लावली, बरी दिसेना. दुसरी लावली, तीही नाही. मग काय — पाकोळी घेतली आणि लावून टाकली. तिथे कुणाला दिसणार नाही. तोगझानला आत्या जवळ असल्यासारखी वाटेल. अपशकुन बिपशकुन काही नाही. मी त्या पोरीला अंगाखांद्यावर वाढवलंय, माझी पाकोळी तिला टोचेल कशी?

संध्याकाळी गुच्छ वहिनीच्या हवाली केला. कौतुकाने आरशासमोर घेऊन उभी राहिली. मी पटकन सटकले.

८ सप्टेंबर, रविवार

सगळं लिहिल्याशिवाय उठणार नाही.

काल पाठवणीचं जेवण. मुलाकडचे शिमकेंतहून आले, त्यांच्यात मुलाची आजी उल्मेकेन. नव्वदीच्या पुढची बाई, दोन नातवांनी धरून आणली. मखमली बंडी, पांढरा फेटा, आणि जीभ अशी की तलवार बरी. तिला मानाच्या जागी बसवलं. मी मागे, भांडी घासायच्या खोलीच्या दाराशी.

आता आमच्यात रीत अशी, की मुलाकडच्या वडीलधाऱ्या पाहुणीने एखादी वस्तू बोट दाखवून मागितली तर ती द्यायची. नाही म्हणायचं नाही. वहिनी आधीच हात जोडून उभी. "आजी, मनात असेल ते मागा. गालिचा घ्या."

"गालिचे आहेत गं घरी. चालायला पाय नाहीत."

हशा. मग म्हातारी म्हणाली, "पोरीच्या हातात ते चमचमतंय काय? आण इकडे."

तोगझानने गुच्छ तिच्या मांडीवर ठेवला. आजीला दिसतं कमी. एकेका ब्रोचवरून बोटं फिरवत होती, तोंडाने काहीतरी पुटपुटत. माझं लक्ष होतंही आणि नव्हतंही. एकदम थांबली. "ही हवी." आणि वाकवून वाकवून तारेपासून मोडूनच घेतली! वर धरली.

माझी पाकोळी.

मागे लपवलेली, म्हातारीच्या हाताला नेमकी तीच कशी लागली?

"कुणाची आहे? जिची असेल तिने आपल्या हाताने टाचायची मला. नाव घेऊन आशीर्वाद द्यायचाय."

राबिगामावशी आपल्या मोराकडे बघत बसली. वहिनीचा चेहरा पिठासारखा पांढरा झालेला. मला वाटलं, आता ही सावरून घेईल, बाजारातून आणली म्हणेल. पण नाही. मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "माझ्या नणंदेची. कुल्याशची. ती बघा, दाराशी उभी आहे."

चोराला पकडून दिल्यासारखं वाटलं मला. साठ डोकी वळली. ओला हात एप्रनला पुसत गेले, गुडघ्यांवर बसले, बंडीला पाकोळी टाचली. म्हातारीने माझी हनुवटी धरली.

"घर कसं आहे तुझं, पोरी? नवरा? मुलं?"

खोटं बोलता आलं असतं. पण तोंडून निघालं, "एकटी आहे, आजी. नवऱ्याला सोडलं."

वहिनीने डोळे मिटून घेतले होते. वाटलं, लग्न माझ्या पायी मोडतंय की काय!

उल्मेकेन आजी म्हणाली, "एकालाच?"

मला कळेना.

"मी दोघांना सोडलं. पहिला मारायचा. दुसरा तर त्याहून वाईट, कंजूष होता." मग नवरदेवाकडे बोट केलं. "तिसरा बरा निघाला, म्हणून हा उभा आहे इथे. नाहीतर आज कुणाचं लग्न लावत बसला असतात?"

जे हसायला लागले सगळे! मुलाचा बाप लाजून लाल, त्यालाही हे नवीन असावं. म्हातारीने माझ्या तळहातावर नाणं दाबलं. "टोचणारी वस्तू फुकट घेत नाही मी." मग दोन्ही हात वर केले आणि माझं नाव घेऊन आशीर्वाद दिला. तोगझानच्याही आधी. मी रडले, लपवत नाही. नव्वदी ओलांडलेल्या बाईने भर मांडवात मला नावाने हाक मारली होती.

पाहुणे गेल्यावर मी आणि वहिनी भांडी घासत होतो. मी म्हटलं, "वहिनी, तुला न विचारता लावली मी पाकोळी. रागावली असशील."

"ती कढई घे आधी," म्हणाली.

पाकोळी गेली त्याचं वाईट वाटतं. कोटाची कॉलर मोकळी दिसते. पण ती कुठल्या बंडीवर आहे ते आठवलं की हसू येतं.

वहिनीचं मात्र कळत नाही. नाव घ्यायची गरज नव्हती तिला.

१४ सप्टेंबर, शनिवार

तोगझान सासरहून आली, गुच्छ घेऊन. पाकोळीच्या जागी भोक पडलंय, बुजवून दे म्हणाली.

भोक मागे नाही. समोर आहे, मधोमध, चेरी लावल्या होत्या तिथे. चेरी मागे गेल्यात, मी पाकोळी लपवली होती त्या जागी. दोन्ही तारांचे पीळ उलटे, डावीकडे फिरलेले, त्या मांतींच्या चुण्यांसारखे.

फोन केला. म्हटलं, वहिनी, समोर काय लावू? पलीकडून कपात चमचा ढवळल्याचा आवाज आला.

मग म्हणाली, "तुझंच काहीतरी लाव."