ताऱ्यांना फुटले दात

४ नोव्हेंबर

पोचलो एकदाचे! टेकडीवरची वेधशाळा म्हणजे वर एक घुमट, खाली दोन खोल्या आणि मधे करकरणारा लाकडी जिना. ही म्हणाली, संसाराला एवढं पुरे, फक्त भांडायला एक शेजारीण हवी होती. शेजारी म्हणून फाटकावरचे वॉचमनकाका आहेत आणि त्यांचा लठ्ठ कुत्रा ढब्बू.

काम माझ्या आवडीचं. जुन्या फोटोंशी जुळवायचेत म्हणून आकाशाचे फोटो अजून फिल्मवरच काढायचे. मी वर कॅमेऱ्याचं शटर उघडून खाली यायचं. वेळ संपली की घड्याळ ते आपोआप बंद करतं. फिल्म धुणार ही. त्यात तिचा हात माझ्यापेक्षा चांगला, पण हे तिला सांगत नाही. आधीचा फोटोग्राफर काम सोडून गेला, असं वेधशाळेचे सर म्हणाले. गेला तर गेला, माझं भलं झालं.

घुमटासाठी हिला दोन नियम घालून दिलेत. शटर उघडं असताना दिवा आणायचा नाही, फिल्म वाया जाते. आणि हाक मारायची नाही, मी दचकतो आणि कॅमेऱ्याला धक्का लागतो. हिने कडक सलाम ठोकला.

७ नोव्हेंबर

पहिली फिल्म बघून डोकंच फिरलं. कोपऱ्यातल्या ताऱ्यांना पंख फुटलेत! तो भिंगाचा दोष. भिंगाचं तोंड जरा बारीक केलं, एक्स्पोजरची वेळ दुप्पट केली, पंख गेले. पण मधल्या ताऱ्यांना शेपट्या आहेत त्या आहेतच. फोकस चुकला असता तर तारे फुगले असते, हे तर टोकदार. ही म्हणते, ओल्या धान्याला मोड आल्यासारखे दिसतात. हसते वर!

१० नोव्हेंबर

वारा नाही. ताऱ्यांबरोबर कॅमेरा फिरवणारी मोटर खोलून साफ केली. एक्स्पोजर निम्म्यावर आणलं. शेपट्या ढिम्म. शेवटी वैतागून मोटरच बंद ठेवली. मग तारे ठिपक्यांऐवजी रेघा ओढतात, आणि रेघेवर जिथे खोच तिथे धक्का, सरळ हिशोब.

रेघांना करवतीसारखे दात आलेत. आधी बारीक, मग मोठे, मग आणखी मोठे. दुसऱ्या फिल्मवर मी मुद्दाम दारापासून कॅमेऱ्यापर्यंत चालत गेलो. अगदी तस्सेच दात उमटले. वरची जमीन लाकडी, प्रत्येक पावलाला हलते.

म्हणजे आम्ही खाली जेवत होतो तेव्हा वर कोणीतरी चालत होतं.

१२ नोव्हेंबर

काकांनी काल राखणीला म्हणून ढब्बूला वर बांधून ठेवलं. आज बघतो तर त्याची मान पार मागे पिरगळलेली, जबडा उपटलेला. छतापर्यंत रक्त. काका पोरासारखे रडले आणि मग बोलले. आधीचा फोटोग्राफर सोडूनबिडून गेला नव्हता. कोणीतरी चालतंय म्हणून तो अंधारात दबा धरून बसला आणि सख्ख्या भावाचं डोकं फोडलं. मग त्याच दांड्याने स्वतःचं. आणि सर हे गिळून बसले!

ही म्हणाली, बॅगा भरते, चला. मी म्हटलं, एक फिल्म. फक्त एक. जो कोणी आहे त्या हरामखोराला मी ठेचणार. आणि मी काही त्या माणसाइतका बावळट नाही. ही तरीही बॅगा भरायला लागली.

१३ नोव्हेंबर

हिला खाली कडी लावून बसायला सांगितलंय. लोखंडी दांडा घेतलाय. मोटर बंद, दिवा बंद. शटर उघडून दार लोटून येणार आणि कॅमेऱ्याजवळ उभा राहणार. येऊ दे साल्याला.

१४ नोव्हेंबर

मी हिला मारलं.

दारातून पावलं आली. जवळ आली. मी दांडा घातला, दोनदा. हाड फुटल्याचा आवाज — मग तिचं कण्हणं. काकांनी जीप आणली होती, आत्ताच निघू, एवढंच सांगायला वर आली. दिवा न आणता. हाक न मारता. माझे नियम — माझे —

श्वास चालू आहे. डोक्याचं फडकं सारखं लाल होतंय. तिला हलवू नका म्हणून काका डॉक्टरला आणायला गेलेत. जाताना कॅमेरा खाली आणून दिला, मीच मागितला. वर आणखी कोणीतरी होतं, हे मला बघायचंय. नाहीतर मी —

१४, नंतर

फिल्म धुतली.

माझी पावलं, दारापर्यंत आणि परत कॅमेऱ्यापर्यंत. मग रेघ गुळगुळीत. मी उभा. मग पुन्हा दात — जड — दाराकडून आलेले नाहीत, एकदम मोठे. माझ्या अगदी शेजारी. मला काहीही ऐकू आलं नव्हतं.

मग हिचे, दाराकडून मोठे होत आलेले, पण हलके. मग माझा दांडा — तिथे रेघ तुटलीच.

मग माझे, हिला उचलून नेतानाचे, दाराकडे लहान होत गेलेले. आणि माझ्या प्रत्येक पावलामागे एक — जड. दारापर्यंत. म्हणजे खाली —

दाराला कडी आहे. आतून. खोलीत आम्ही दोघंच.

दांडा मी वर टाकला होता. नक्की टाकला होता. मग तो इथे कसा —

हिने डोळे उघडले. देवा, उघडले! तोंडाकडे बघत नाही माझ्या — डाव्या हाताकडे बघते. नको म्हणते. अहो, नको —

मी काही करत नाहीये गं. उजव्या हातात पेन आहे, हे बघ. डावा मी उचलत ना