‘आडवा धागा’चं शेवटचं गाणं

भेस्तान, सुरत

प्रिय गायत्री,

परवा वाल्मिक घरी आला होता. नाशिकहून यायला तू नाही म्हणालीस, हे त्यानं खाली मान घालून सांगितलं. ‘सर, ती म्हणते, सुमितचा आवाज पुसून तिथं मी गाणार नाही.’ शकुंतलानं, तुझ्या काकूनं, दिलेला चहा तसाच ठेवून पोरगा उठला. तुला दोष देत नाही, बाळ. तुझ्या जागी मीही हेच म्हटलं असतं.

हल्ली दुपारी डोळा लागत नाही. मग तुमच्या ‘आडवा धागा’ बँडचे अल्बम लावतो. मी कवितेच्या वृत्तांमध्ये रमणारा शाळामास्तर, तुमचं रॉक म्हणजे मला आधी नुसता गदारोळ वाटायचा. पण पहिल्याच गाण्यात वाल्मिकचा ड्रम ऐकला आणि दचकलो. लगागा लगागा लगागा लगागा! हा तर माझा भुजंगप्रयात! बाक बडवतो म्हणून नववीत ज्याला वर्गाबाहेर उभा केला, त्यानं तो दाराआडून तसाच्या तसा उचलला होता.

मगनशेठच्या कापड-गोदामातले ते रविवार तुलाही आठवत असतील. शेजारचे माग बंद, पत्रा तापलेला आणि वाल्मिकचे वडील हिलालभाऊ कुलूप उघडताना कुरकुरताहेत, ‘हाई काय गानं शे रे? मना कान फुटनात!’ शेठनं एकच अट घातली होती, ‘गाओ ने भाई, पण ताकाने हाथ नहि लगाडवानो.’ आणि शेठची पाठ वळली की तुम्ही तेच साड्यांचे ताके, म्हणजे आपले तागे, रचून भिंती करायचात, आवाज घुमू नये म्हणून. पहिला अल्बम दिवाळीआधीचा. गोदाम छतापर्यंत भरलेलं, म्हणून तुमचे आवाज अगदी कानाशी बोलल्यासारखे आलेत. दुसरा दिवाळीनंतरचा, त्यात सगळं विहिरीतून आल्यासारखं घुमतं. पुण्याच्या कुणा मुलानं त्यावर लिहिलं होतं, ‘गूढ पोकळी.’ सुमित हसून हसून लोळला. ‘बाबा, पोकळी कसली, माल उठला होता!’

त्या हसण्यातच पहिल्यांदा त्याला ठसका लागला आणि बराच वेळ थांबला नाही. तेव्हा कुणाच्या मनात काही आलं नाही.

तिसऱ्या अल्बमच्या वेळी तो ताक्यावर बसून गायचा. बाकीच्यांना वाजवताना आधार म्हणून आधी कच्चा आवाज भरून ठेवतात आणि नंतर नीट गातात, हे मला तेव्हा कळलं. शेवटच्या गाण्याचं ते ‘नंतर’ त्याला मिळालं नाही. फाल्गुनात तो गेला. आता बाकी वाजवणं पुरं झालंय, आणि तू गात नाहीस म्हणून वाल्मिक तो कच्चा आवाजच ठेवणार आहे. ‘सरांना आणि काकूंना तेवढीच आठवण,’ म्हणतो.

तुझ्याविषयी सुमित आमच्याशी कधी बोलला नाही. आम्हीही विचारलं नाही. पण ते गाणं त्यानं स्वतःच्या पट्टीत बांधलंच नव्हतं, एवढं माझ्यासारख्या अडाण्याच्या कानालाही कळतं. वरच्या सुरांतल्या ओळी तुझ्याच गळ्यासाठी आहेत.

वाल्मिक गेल्यावर शकुंतलानं ते गाणं लावायला सांगितलं. अर्ध्यातच म्हणाली, ‘बंद करा हो. लोकांना हे गाणं वाटेल. मला तो धापा टाकत जिना चढताना दिसतो.’ मग स्वयंपाकघरात गेली आणि तिथूनच म्हणाली, ‘त्या पोरीला तुम्ही लिहा. वाल्मिकचं ती ऐकायची नाही.’ म्हणून लिहितोय. गायत्री, आमच्याकडे बघून तू तो आवाज जपते आहेस, पण तो आमचा सुमित नव्हे, ते त्याचं दुखणं आहे. ते आम्ही घरात रोज ऐकलंय. जगानं ऐकायला नको. ये, आणि ते पुसून टाक. पुसण्याचं पाप वाटत असेल, तर ते आम्हा दोघांच्या नावावर राहू दे. तू फक्त छाती भरून श्वास घे आणि त्याचं गाणं शेवटपर्यंत म्हण.

तुझ्या होकाराकडे कान लावून बसलेला,
तुझाच,
अरविंदकाका